काचमहाल आणि काचेखालची माणसे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यंगचित्राला इंग्रजीत आणि आता मराठीतही 'कार्टून' म्हणतात. हा शब्द या अर्थाने रूढ झाला तो एका सरकारी प्रदर्शनाची टर उडविताना, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. लंडनमधील पार्लमेंटची जुनी वास्तू १८३४ साली आगीत भस्मसात झाली. नव्या वास्तूच्या भिंतींवर ऐतिहासिक प्रसंग रंगवावयाचे ठरले आणि त्यासाठी मागविलेले चित्रांचे आराखडे जुलै १८४३ मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये लोकांसाठी मांडण्यात आले. भित्तिचित्राच्या अशा पूर्णाकार आराखड्याला चित्रकारांच्या परिभाषेत 'कार्टून' म्हणत. 'पंच' हे विनोदी साप्ताहिक तेव्हा अवघे दोन वर्षांचे होते. आपणही आपली 'कार्टुने' मांडणार, असे त्याने जाहीर केले. जॉन लीच या चित्रकाराने काढलेल्या त्यांतील पहिल्या चित्रात फाटक्या कपड्यांतील स्त्रीपुरुष, अपंग आणि मुले एका चित्रदालनात उभी आहेत. भिंतीवर खात्यापित्या, नटलेल्या प्रतिष्ठितांची चित्रे टांगली आहेत. सोबतच्या मजकुराचा आशय असा होता की, गरीब भाकरी मागतात आणि राज्यकर्ते परोपकार म्हणून त्यांच्यापुढे प्रदर्शन मांडतात.

ते दशक इंग्लंडच्या इतिहासात भुकेचे दशक म्हणून ओळखले जाते. धान्यावर जकात होती, आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजू लागले, आणि मताच्या हक्कासाठी चार्टिस्ट चळवळीने लाखो कामगारांच्या सह्या गोळा केल्या. व्हिक्टोरियाकालीन व्यंगचित्राचा जन्म अशा काळात झाला, आणि प्रदर्शन हे त्याचे पहिले लक्ष्य ठरले. पुढील आठ वर्षांत त्याचे काय झाले, हा आजचा विषय आहे. केवळ कलेच्या इतिहासासाठी तो महत्त्वाचा आहे असे नाही. विनोद कोणाच्या बाजूने उभा राहतो आणि यशाचे वारे सुटले की त्याचे तोंड कसे फिरते, याचा तो धडा आहे.

श्रमाचा सोहळा

१ मे १८५१ रोजी राणी व्हिक्टोरियाने लंडनच्या हाइड पार्कमध्ये सर्व राष्ट्रांच्या उद्योगकृतींचे महाप्रदर्शन उघडले. राणीचा पती प्रिन्स आल्बर्ट हा त्याचा पुरस्कर्ता होता. १,८०० फुटांहून अधिक लांबीची, लोखंड आणि काच यांची ती इमारत जोसेफ पॅक्स्टनने योजली. हा गृहस्थ मूळचा एका ड्यूकच्या बागेवरील माळी. सुमारे तीन लाख तावदाने तीत बसविली गेली. ८० कामगारांनी एका आठवड्यात १८,००० हून अधिक तावदाने बसविल्याची नोंद आहे. 'क्रिस्टल पॅलेस', म्हणजे स्फटिकमहाल, हे नाव 'पंच'च्या कार्यालयातूनच निघाले, असे मानले जाते. सुमारे १४,००० प्रदर्शकांनी एक लाखावर वस्तू मांडल्या. ऑक्टोबरमध्ये दारे बंद झाली तोवर साठ लाखांवर प्रवेश नोंदले गेले होते आणि सर्व खर्च वजा जाता १,८६,००० पौंड शिल्लक उरले होते.

या काचेमागे करनीतीचाही इतिहास आहे. काचेवरील अबकारी कर १८४५ मध्ये उठला, म्हणून एवढी काच परवडली. खिडक्यांवरील कर मात्र राहिला होता. तो चुकविण्यासाठी घरमालक खिडक्या विटांनी बुजवीत आणि भाडेकरू अंधारात राहत. तो कर रद्द झाला जुलै १८५१ मध्ये, म्हणजे हाइड पार्कमध्ये काचेचा महाल झगमगत असतानाच. श्रीमंतांच्या सोहळ्याला उजेड आधी मिळाला आणि गरिबांच्या खोलीला नंतर.

श्रमाचे गौरवगान करणाऱ्या या सोहळ्यात श्रमिकाला स्थान कोणते, हा प्रश्न 'पंच'ने प्रदर्शनाच्या वर्षभर आधी विचारला. एप्रिल १८५० मधील लीचचे चित्र आजही अस्वस्थ करते. मिस्टर पंच प्रिन्स आल्बर्टला आपले स्वतःचे औद्योगिक प्रदर्शन दाखवीत आहे. शोभेच्या वस्तूंवर ठेवतात तशा काचेच्या घुमटाकार झाकणांखाली येथे जिवंत माणसे ठेवलेली आहेत: शिवणकाम करून झिजलेली बाई, पंचाहत्तर वर्षांचा मजूर, हलाखीतला चांभार आणि अंगावर काम घेऊन पिळून निघालेला शिंपी. हे १८५० चे नमुने असून १८५१ साली त्यांत सुधारणा व्हावी, असे चित्राखाली सुचविले आहे.

या चित्रामागे कल्पनेपेक्षा वस्तुस्थितीच अधिक होती. 'पंच'च्या संस्थापकांपैकी एक, हेन्री मेह्यू, याने १८४९-५० मध्ये एका वृत्तपत्रासाठी लंडनच्या श्रमजीवींच्या मुलाखती घेऊन त्यांची कमाई आणि खर्च जसाच्या तसा छापला होता. शर्ट शिवणाऱ्या बायांना दिवसरात्र खपून आठवड्याला दोन-तीन शिलिंग मिळत. प्रदर्शनाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाचे तिकीट एक पौंड, म्हणजे वीस शिलिंग होते. त्या बाईने सात आठवडे काहीही न खाता सुई चालविली असती, तर तिला आपल्या श्रमाचा हा गौरव एकदा पाहता आला असता.

कामगारांना संयोजनात भाग देण्याचा एक प्रयत्न झाला, त्याची कथाही बोलकी आहे. १८५० मध्ये श्रमिक वर्गाची म्हणून एक मध्यवर्ती समिती नेमली गेली. चार्ल्स डिकन्स आणि थॅकरे यांच्याबरोबर विल्यम लव्हेटसारखे चार्टिस्टही तीत होते. राजनियुक्त आयोगाने तिला अधिकृत मान्यता दिली नाही. तेव्हा डिकन्सनेच ती विसर्जित करावी असे सुचविले आणि काही आठवड्यांतच ती गुंडाळली गेली. कामगाराची कारागिरी हवी होती, त्याची समिती नको होती.

प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूंवर किंमत लिहिण्यासही आयोगाने मनाई केली होती. गणनयंत्राचा जनक चार्ल्स बॅबेज याने १८५१ मध्ये प्रदर्शनावर पुस्तक लिहून या मनाईवर कडक टीका केली. किमतीवाचून वस्तूची तुलना होऊच शकत नाही, हा त्याचा मुद्दा होता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यापुढे एक पाऊल टाकावे. जेथे किंमत झाकली जाते, तेथे मजुरीही झाकली जाते. वस्तू जणू आपोआप जन्मली आणि आपल्याच तेजाने चमकत आहे, असे पाहणाऱ्याला वाटू लागते. त्या काळी लंडनमध्ये निर्वासिताचे हलाखीचे जिणे जगणाऱ्या मार्क्सने आणि त्याच्या सहकारी एंगल्सने १८५० च्या शरद ऋतूतच लिहून ठेवले होते की, बुर्झ्वा वर्ग अर्वाचीन रोममध्ये आपले देवालय उभारीत आहे आणि स्वतः घडविलेले देव तेथे मांडीत आहे. सतरा वर्षांनी 'भांडवल' ग्रंथात वस्तूच्या या जादूटोण्याचे विवेचन आले. लीचने काचेखाली माणूस ठेवून ती जादू एका चित्रात फोडली होती.

पौंड आणि शिलिंग

निधी जमेना तेव्हा 'पंच'ने प्रिन्स आल्बर्टला हातात टोपी धरून प्रदर्शनासाठी भीक मागणाऱ्या मुलाच्या रूपात रंगविले. राजघराण्यातील माणसाला भिकारी करून दाखविण्याइतके धैर्य त्या वेळी त्याच्या अंगी होते.

धनिकांना मात्र निधीपेक्षा गर्दीची चिंता अधिक होती. १० एप्रिल १८४८ रोजी केनिंग्टनच्या मैदानावर चार्टिस्टांची सभा भरली तेव्हा लंडनच्या रक्षणाची जबाबदारी वृद्ध ड्यूक ऑफ वेलिंग्टनकडे सोपविण्यात आली होती. ती धास्ती तीन वर्षांत विरली नव्हती. लिंकनचा खासदार कर्नल सिब्थॉर्प हा पार्लमेंटमध्ये या प्रदर्शनावर सतत आग पाखडीत असे. परदेशी माल येईल, परदेशी माणसे येतील, उद्यानातील झाडे तोडली जातील, असे त्याचे आक्षेप होते. शेवटी जुनी एल्म झाडे न तोडता इमारतीच्याच पोटात घेण्यात आली. २६ मेपासून सोमवार ते गुरुवार एक शिलिंगात प्रवेश सुरू झाला, तेव्हा दंगल होणार, काचा फुटणार, अशी भाकिते झाली.

घडले ते उलटेच. पहिल्या शिलिंग-दिवशी अपेक्षेपेक्षा कमी लोक आले, आणि पुढे जे लाखोंनी आले ते शिस्तीने आले. एकूण साठ लाखांपैकी सुमारे ४४ लाख प्रवेश शिलिंगवाल्यांचे होते. यावर लीचचे प्रसिद्ध चित्र आहे, 'पौंड आणि शिलिंग'. एका बाजूस उंची पोशाखातील घराणे, दुसऱ्या बाजूस कामकरी कुटुंब, आणि तू येथे भेटशील असे कोणाला वाटले होते, असा परस्परांविषयीचा अचंबा. चित्र प्रसन्न आहे. दोन वर्ग समोरासमोर आले आणि आकाश कोसळले नाही, एवढे ते सांगते. पण दोघांत अंतर का, हा प्रश्न ते विचारीत नाही. पौंड आणि शिलिंग ही दोन नाणी एका दालनात भेटली म्हणून त्यांची किंमत सारखी होत नाही. शेतमजुराची आठवड्याची कमाई त्या वेळी नऊ-दहा शिलिंग होती. प्रदर्शन रविवारी बंद असे. म्हणजे तिकिटाच्या शिलिंगात बुडालेला रोज आणि गाडीभाडे मिळविल्यावाचून खरा हिशेब होत नाही. कामगारांनी आठवड्याला थोडे थोडे पैसे क्लबात साठवून सहलीच्या गाड्यांनी लंडन गाठले.

ते आले ते कशासाठी? मेह्यूने शिलिंग-दिवसांचे जे वर्णन केले आहे त्यात कामकरी यंत्रांच्या दालनात गर्दी करतात, चाके कशी फिरतात हे बारकाईने न्याहाळतात. ज्या यंत्राने त्याचे हात बेकार केले किंवा बांधले, ते यंत्र समजून घेण्याची त्याची ओढ खरी होती. महाप्रदर्शनाची एकूण खिल्ली उडविणाऱ्याने हे विसरता कामा नये. तंत्रज्ञानाविषयी समाजवाद्याचे वैर नाही. त्याचा वाद आहे तो मालकीविषयी.

विनोदाचे तोंड फिरते

प्रदर्शन यशस्वी होऊ लागले आणि 'पंच'चा सूर पालटला. काचेखालची शिवणकाम करणारी बाई पानांवरून नाहीशी झाली. लॉर्ड जॉन रसेलचे डळमळते मंत्रिमंडळ प्रदर्शनाच्या आगबोटीने बुडण्यापासून वाचविले, असे चित्र आले. राजकीय निरीक्षण म्हणून ते अचूक आहे: देशात गाऱ्हाणी असताना भव्य सोहळा सरकारच्या कामी येतो, हे सत्य तेव्हाही होते. पण हळूहळू हसण्याचा विषय झाला तो गर्दी, खेडवळ आणि परदेशी.

टॉमस ऑनव्हिनने घडीच्या लांब पट्टीवर छापलेली चित्रमालिका काढली. ब्राउन नावाचे कुटुंब प्रदर्शन पाहावयास लंडनला येते आणि गर्दीने व परदेशीयांनी घाबरून जाते. तीतील एका प्रसंगात नरभक्षक बेटावरील पाहुणे ब्राउनच्या लहान मुलाकडे टक लावून पाहतात आणि त्याची किंमत विचारतात. ज्या साम्राज्याने आफ्रिकेतील माणसांची खरेदी-विक्री पिढ्यान् पिढ्या केली, त्याच्या राजधानीत हा विनोद खपत होता.

जॉर्ज क्रुकशँक हा वयाने ज्येष्ठ आणि प्रतिभेने थोर चित्रकार. मेह्यूच्याच लेखनासाठी त्याने प्रदर्शनावर कोरीव चित्रे केली. कंबरलँडच्या दुर्गम खेड्यातील सँडबॉइज कुटुंब प्रदर्शनासाठी निघते आणि एकामागून एक संकटांत सापडते, अशी ती कथा. एका चित्रात पृथ्वीच्या गोलावर माथ्याशी काचमहाल आहे आणि सगळ्या खंडांतून माणसे मुंग्यांसारखी त्याच्याकडे निघाली आहेत. दुसऱ्या दोन चित्रांची जोडी आहे: माणसांनी ठासून भरलेले लंडन आणि ओस पडलेले मँचेस्टर. जोडी गमतीची आहे, पण ती अर्धेच सत्य सांगते. मँचेस्टर ओस पडले नव्हते. गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि हाइड पार्कमध्ये ज्यांचा माल मांडला होता त्यांचे मजूर चात्यांपुढे उभेच होते. मेह्यूसारखा श्रमिकांचा चरित्रकारही विनोदी कादंबरी लिहू लागला की खेडवळाला हसण्याच्या मोहात पडतो, यातून त्या बाजारपेठेचे बळ दिसते. 'पंच' तीन पेन्सला मिळे आणि तो विकत घेणारा प्रामुख्याने मध्यमवर्ग होता. विनोदाची धार वाचकाच्या खुर्चीपाशी येऊन थांबली.

एका चित्राचे शस्त्र झाले

याला एक लखलखीत अपवाद आहे. अमेरिकेच्या दालनात हायरम पॉवर्स याची 'ग्रीक दासी' ही संगमरवरी मूर्ती होती. तुर्कांच्या बाजारात साखळदंडाने बांधलेली गोरी तरुणी पाहून प्रेक्षक हळहळत. अमेरिकेत त्या वेळी तीस लाखांवर माणसे गुलामीत होती, आणि १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला पकडून परत देणे सर्व राज्यांवर बंधनकारक झाले होते. जून १८५१ मध्ये 'पंच'ने जॉन टेनिएलचे चित्र छापले: 'व्हर्जिनियाची दासी'. काळी स्त्री, हातांत बेड्या, शेजारी अमेरिकेचा झेंडा. पॉवर्सच्या मूर्तीला जोड म्हणून ही मूर्तीही मांडावी, अशी सूचना.

चित्र छापून काम संपले असते तर ते आणखी एक चतुर चित्र ठरले असते. परंतु २१ जून रोजी विल्यम वेल्स ब्राउन आणि विल्यम व एलेन क्राफ्ट हे दांपत्य गोऱ्या मित्रांसह प्रदर्शनात आले. तिघेही अमेरिकेच्या गुलामीतून पळालेले. एलेनने तर गोऱ्या मालकाचे सोंग घेऊन आणि पतीला आपला गुलाम म्हणून मिरवून सुटका करून घेतली होती. अमेरिकन प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत ही मंडळी गोऱ्यांच्या हातात हात घालून हिंडली. मग ब्राउनने 'ग्रीक दासी'जवळ 'पंच'मधील ते चित्र ठेवले आणि आपण एक पळालेला गुलाम या नात्याने ही जोड येथे मांडीत आहोत, असे जाहीर केले.

साऱ्या महाप्रदर्शनात श्रमिकाने स्वतः मांडलेली वस्तू कोणती असेल, तर ती ही. टेनिएलने कागदावर रेखाटलेली कल्पना ब्राउनने प्रत्यक्षात आणली. ज्याच्या पाठीवर चाबूक उमटला त्याच्या हाती ते चित्र गेले आणि त्याचे शस्त्र झाले. मँचेस्टरच्या गिरण्यांत पिंजला जाणारा बहुतेक कापूस याच गुलामांनी वेचलेला होता, हे लक्षात घेता त्या काचमहालातील प्रत्येक इंग्रजी सुती वस्त्र त्या चित्राशी जोडलेले होते. महाराष्ट्रातील वाचकाला येथे जोतीराव फुले यांची आठवण व्हावी. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. दूरच्या बेड्यांचा आवाज आपल्या बेड्यांसारखाच आहे, हे ओळखणारी ती दृष्टी होती.

हिंदुस्थानचे दालन

हिंदुस्थानचे दालन ईस्ट इंडिया कंपनीने मोठ्या थाटाने सजविले होते. कोहिनूर हिरा पक्ष्याच्या पिंजऱ्यासारख्या लोखंडी जाळीत होता. १८४९ मध्ये पंजाब खालसा करताना तो अल्पवयीन महाराजा दलीपसिंगाकडून घेतला गेला होता. तो पुरेसा चमकत नाही, म्हणून प्रेक्षक निराश झाले. व्यंगकारांनीही त्याच्या मंद तेजाची थट्टा केली. १८५२ मध्ये त्याला नवे पैलू पाडण्यात आले आणि त्याचे वजन १८६ कॅरटवरून सुमारे १०६ वर आले. तो येथे आला कसा, हे विचारणारे ठळक चित्र कोणी काढले नाही. बंगालच्या नबाबाने पाठविलेली अंबारी मांडावयास हत्ती हवा होता. तो एसेक्समधील एका छोट्या गावाच्या संग्रहालयातून पेंढा भरलेला आणला गेला, आणि तोही आफ्रिकेतला. हिंदुस्थान जणू अंबारी आणि हिरा एवढाच होता. ढाक्याची मलमल तेथे होती. पण लँकेशायरच्या कापडापुढे आणि कंपनीच्या धोरणापुढे ज्यांचे माग थांबले, ते विणकर कोठे होते? १८५० च्या काचेच्या झाकणाखाली लंडनचा शिंपी बसला, ढाक्याचा विणकर बसला नाही. ब्रिटिश व्यंगचित्राची सहानुभूती समुद्र ओलांडताना क्वचितच दिसते.

पस्तीस वर्षांनी इतिहासाने लीचचे ते चित्र जणू खरे केले. १८८६ मध्ये लंडनमध्ये वसाहती आणि हिंदुस्थान यांचे प्रदर्शन भरले. तेथे 'देशी कारागीर' प्रेक्षकांसमोर बसून गालिचे विणीत, मडकी घडवीत. वंशपरंपरागत कलावंत म्हणून ज्यांची वाहवा झाली, त्यांतील अनेकजण आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगातील कैदी होते आणि तुरुंगातच ते काम शिकले होते. प्रदर्शनाच्या कामासाठी गेलेले त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात इंग्रज प्रेक्षक आपल्याकडेही कसे टक लावून पाहत, हे मिस्किलपणे लिहून ठेवले आहे. पाहिला जाणारा पाहणाऱ्याकडे उलट पाहू लागला, ही त्यातील मोलाची गोष्ट.

प्रदर्शनांची ही लाट मुंबईलाही पोचली होती. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी जमविलेल्या वस्तूंतून येथील संग्रहालयाचा पाया घातला गेला, डॉ. भाऊ दाजी आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी त्यासाठी परिश्रम केले. १८७२ मध्ये उघडलेली भायखळ्याची ती वास्तू १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखली जाते. 'पंच'चीही लाट आली. १८५४ मध्ये मुंबईत 'पारसी पंच' निघाला, पुढे ठाण्याहून मराठी 'हिंदु पंच' निघाला. राज्यकर्त्यांनी आणलेले हत्यार राज्यकर्त्यांवरच उगारले जाऊ लागले, आणि ब्राउनने काचमहालात जे केले त्याचाच हा वेगळा आविष्कार म्हणता येईल.

हिशेब

काचमहाल १८५४ मध्ये सिडनहॅम येथे नव्याने उभा राहिला आणि ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री जळून गेला. शिलकीतून लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात जमीन घेतली गेली, आणि तेथे संग्रहालये व शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. शिलिंगवाल्यांच्या पैशाचा तो चांगला विनियोग होता, हे मान्य केले पाहिजे. कोहिनूर लंडनच्या टॉवरमध्ये एका राजमुकुटात आहे.

चित्रे मात्र उरली, आणि ती दोन प्रकारची आहेत. काही वरच्याला हसतात, काही खालच्याला. एकच लीच, एकच 'पंच', एकाच वर्षाच्या अंतराने दोन्ही करतो; म्हणून व्यंगचित्रकाराच्या पुरोगामित्वावर भिस्त ठेवून चालत नाही. हसणारा वर्ग सोहळ्यात सामील झाला की विनोद सोहळ्याचाच एक भाग होतो. तेव्हा ते चित्र उचलून योग्य मूर्तीशेजारी ठेवणारा माणूस लागतो. तो बहुधा चित्रकार नसतो, संपादकही नसतो. ज्याचे श्रम मांडले गेले आणि ज्याचे नाव गाळले गेले, त्यालाच ते करावे लागते.

प्रदर्शने पुढेही भरत राहतील. राज्यकर्ते कोणतेही असोत, आकडे, दिवे आणि यंत्रे यांचा झगमगाट त्यांना हवाच असतो, आणि यंत्रांचे कुतूहल कामगारालाही असते. अशा प्रत्येक दालनात शिरताना १८५० मधील मिस्टर पंचचे ते प्रश्न बरोबर न्यावेत: ही वस्तू कोणी केली, त्याला त्याचे काय मिळाले, आणि तो आत येऊ शकतो काय? उत्तर मिळाले नाही, तर कार्यकर्त्याचे काम तेथूनच सुरू होते.